मी म्हणजे कोण?

खालच्या दरवाजावरून आजी इंटरकॉमचे बटण दाबते. वर घरात नातू फोन उचलतो आणि हिब्रूत विचारतो, "मी झे?" आजी उत्तर देते, "मी!" नातू पुन्हा विचारतो, "मी?" आजी पुन्हा सांगते, "अरे मी, मी!" इस्राएलमध्ये राहणाऱ्या मराठी घरात असा प्रसंग सहज घडू शकतो. नातवाने विचारले, "कोण आहे?" आजीने सांगितले, "मी आहे." दोघांच्या तोंडी शब्द एकच, पण एकाने प्रश्न केला आणि दुसरीने उत्तर दिले.

मराठीत "मी" म्हणजे बोलणारा स्वतः. हिब्रूत "मी" म्हणजे "कोण?". हा शब्द जगातल्या आणखी कितीतरी भाषांत आहे आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे. असे का होते, आणि दोन भाषांत सारखा शब्द सापडला की त्यांचे नाते आहे असे मानावे का, हा या पाठाचा विषय आहे.

दोन "मी", दोन घराणी

मराठी ही संस्कृत आणि प्राकृत यांच्या घराण्यातली भाषा. संस्कृतात "मी" या अर्थी "अहम्" असा शब्द होता. पण मराठीचा "मी" त्यापासून आलेला नाही. तो "मया", म्हणजे "माझ्याकडून", या रूपापासून आला. प्राकृतात त्याचे "मइ" झाले आणि पुढे मराठीत "मी". जुन्या मराठी ग्रंथांत "मियां" असेही रूप आढळते. हिंदीतला "मैं" याच "मया"पासून निघालेला आहे, म्हणजे तो आपल्या "मी"चा सख्खा भाऊ. "मला", "माझा", "मज" यांतला "म" तोच.

हिब्रूतला "मी" वेगळ्या घराण्यातला. हिब्रू, अरबी, अरामी, अम्हारिक या सेमिटिक भाषा. अरबी बोलीत "कोण?" ला "मीन" म्हणतात, ग्रांथिक अरबीत "मन्", अरामीत आणि अम्हारिकमध्येही "मन". उगारित या प्राचीन नगराच्या मातीच्या पाट्यांवरही "कोण?" या अर्थी हिब्रूसारखाच शब्द आहे. म्हणजे हा प्रश्न विचारणारा "म" हजारो वर्षांचा आहे.

प्रार्थनागृहात हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो, पण पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तोरा वाचायला बोलावलेल्या माणसासाठी किंवा आजाऱ्यासाठी "मी शेबेराख" म्हणतात. त्यातला "मी" म्हणजे "ज्याने", ज्याने आपल्या पूर्वजांना आशीर्वाद दिला तो. "मी खामोखा" या प्रार्थनेत परमेश्वरासारखा दुसरा कोण आहे, असा प्रश्न आहे. पेसाहच्या रात्री मुले "एहाद मी योदेआ" गातात, त्यातही "कोण जाणतो?" असे विचारलेले आहे. "मीखाएल" या नावाचा अर्थही प्रश्नच आहे: देवासारखा कोण? मराठी कानाला मात्र या प्रत्येक ठिकाणी आधी "मी" म्हणजे स्वतःच ऐकू येतो.

शेजारपाजारचे "मी"

इस्राएलमधल्या अश्दोद, लोद, दिमोना, बेएर शेवा अशा गावांत एकेका इमारतीत निरनिराळ्या देशांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या भाषांतही "मी" सापडतो.

तुर्कस्तानातून आलेले शेजारी प्रश्नाच्या शेवटी "मी" लावतात. मराठीत "बरा आहे का?" यातला "का" जे काम करतो, तेच काम तुर्कीतला "मी" करतो. आधीच्या शब्दातल्या स्वराप्रमाणे त्याचे "मू" वगैरेही होते.

इराणमधून आलेल्यांच्या फारसीत "मी" क्रियापदाच्या आधी जोडतात. "मी-रवम" म्हणजे "मी जातो". मराठी माणसाला वाटेल की अर्थ आपोआप कळला! पण यातला "मी" म्हणजे "मी" नव्हे. तो क्रिया चालू आहे किंवा नेहमी होते एवढेच दाखवतो. "मी" हा अर्थ शेवटच्या "-अम" मध्ये आहे. "तो जातो" म्हणतानाही फारसीत "मी-रवद" असेच म्हणतात.

हंगेरीहून आलेल्या आजोबांचा "मी" म्हणजे "आम्ही", आणि त्यांच्याच भाषेत "मी" म्हणजे "काय?" सुद्धा. शेतावर काम करायला आलेले थायलंडचे कामगार लांब "मी" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ "आहे" किंवा "जवळ असणे". तोच शब्द खालून वर चढणाऱ्या सुरात म्हटला की "अस्वल" होते, आणि खालच्या सुरात म्हटला की शेवया. थाई भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो.

चिनी भाषेतही तसेच. सूर आधी खाली नेऊन वर आणला तर "मी" म्हणजे तांदूळ. वरून खाली झटकन सोडला तर मध. कोरियन भाषेत "मी" म्हणजे सौंदर्य. अमेरिकेला कोरियन लोक "मीगुक" म्हणतात, म्हणजे अक्षरशः "सुंदर देश". जपानीत "मी" म्हणजे शरीर, "मी" म्हणजे फळ, आणि जुन्या पद्धतीने मोजताना "मी" म्हणजे तीन. इंडोनेशियात "मी" म्हणजे शेवया. तिबेटी भाषेत "मी" म्हणजे माणूस, आणि "नाही" या अर्थीही "मी".

इतके दूर जायचीही गरज नाही. महाराष्ट्राच्या शेजारच्या तेलुगू भाषेत "मी" म्हणजे "तुमचे". मराठी माणूस "मी" म्हणून स्वतःच्या छातीकडे बोट दाखवतो, आणि तेलुगू माणूस "मी" म्हणून समोरच्याबद्दल बोलतो. कानडीत "मी" म्हणजे अंघोळ करणे.

या यादीत एक शब्द मात्र निराळा आहे. इंग्रजीतला "मी", म्हणजे "मला". वेल्श भाषेतही बोलताना "मी" म्हणजे स्वतः, आणि इटालियनमध्ये "मी" म्हणजे "मला". हे शब्द आणि मराठीतला "मी" खरोखरच एकमेकांचे दूरचे नातेवाईक आहेत, कारण मराठी, इंग्रजी, वेल्श, इटालियन या सगळ्या भारत-युरोपीय या मोठ्या घराण्यातल्या. वॉर्सा येथे १८८७ साली डॉ. झामेनहॉफ या यहुदी नेत्रवैद्याने एस्पेरांतो ही नवी भाषा प्रसिद्ध केली. तिच्यातही "मी" म्हणजे मी. युरोपातल्या भाषांत बोलणाऱ्याच्या सर्वनामात हा "म" पूर्वीपासूनच होता.

म्हणजे सारख्या शब्दांत काही नातेवाईक असतात आणि काही फक्त एकसारखे दिसणारे परके. त्यांना वेगळे कसे करायचे?

सारखेपणा आपोआप का येतो

थोडा हिशेब करून पाहू. समजा एखाद्या भाषेत २० व्यंजने आणि ५ स्वर आहेत. एक व्यंजन आणि एक स्वर जोडून तिला २० गुणिले ५, म्हणजे १०० अक्षरे मिळतात: मा, मी, मू, बा, बी, बू अशी. जगात सुमारे ७००० भाषा आहेत. प्रत्येक भाषेला "मी", "तू", "कोण", "काय", "नाही", "हा", "ही" असे रोज शंभरदा लागणारे शब्द हवे असतात, आणि रोज लागणारे शब्द झिजून आखूड होतात. "मया"चा "मी" झाला तो असाच. मग शेकडो आखूड शब्द आणि बसायला जागा शंभरच! तेव्हा दोन परक्या भाषांचे शब्द एकाच जागी येऊन बसणारच.

त्यातही "म" हा ध्वनी ओठ मिटले की होतो, म्हणून जगातल्या बहुतेक सगळ्या भाषांत तो आहे. "ई" हा स्वरही तसाच सर्वत्र आढळतो. त्यामुळे "मी" जागोजाग भेटतो यात नवल नाही.

शब्द लांब होत जातो तसा हा योगायोग कमी होतो. दोन अक्षरांच्या जोड्या १०,००० होतात, तीन अक्षरांच्या १० लाख. तीन-चार अक्षरांचा शब्द दोन भाषांत सारखा असेल आणि अर्थही सारखा असेल, तर त्यामागे काही कारण असण्याची शक्यता जास्त. एका अक्षराच्या शब्दावरून मात्र काहीही सिद्ध होत नाही.

काही योगायोग शिकायला सोपे पडतात. हिब्रूत "ही" म्हणजे "ती स्त्री", आणि मराठीत "ही" म्हणजे "ही स्त्री". "ही मोरा" हे हिब्रू वाक्य, म्हणजे "ती शिक्षिका आहे", नव्याने आलेल्या मराठी माणसाला सहज लक्षात राहते. पण हिब्रूत "हू" म्हणजे "तो", आणि मुंबईच्या गुजराती शेजाऱ्याचा "हूं" म्हणजे "मी". हिब्रूत "आबा" म्हणजे वडील, मराठी घरात "आबा" बहुधा आजोबा. हिब्रूत "बा" म्हणजे "आला", आणि गावाकडच्या मराठीत "बा" म्हणजे बाप. म्हणून "आबा बा" असे नातवाने म्हटले की त्याचा अर्थ एवढाच, की बाबा आले. कोकणातल्या कानाला मात्र दोन वडीलधारी माणसे एकदम आल्यासारखे वाटते.

खरे नाते कसे ओळखतात

भाषांचे अभ्यासक एका शब्दावर विसंबत नाहीत. ते नियम शोधतात. हिब्रू आणि अरबी घ्या. हिब्रूत जिथे "श" आहे तिथे पुष्कळ वेळा अरबीत "स" येतो. शालोम आणि सलाम. शेमेश (सूर्य) आणि शम्स, यात शेवटच्या "श"चा "स" झाला. लाशोन (जीभ) आणि लिसान. शाना (वर्ष) आणि सना. रोश (डोके) आणि रास. एक शब्द सारखा असता तर योगायोग म्हणता आले असते. पण तोच बदल शब्दामागून शब्दात होतो, म्हणून या दोन भाषा एका आईच्या लेकी आहेत हे कळते.

मराठीच्या घराण्यातही असे नियम आहेत. संस्कृतातला "स" फारसीत "ह" होतो. "सप्त"चे "हफ्त" झाले, आणि तो शब्द फारसीतून परत मराठीत "हप्ता" म्हणून आला. म्हणजे "सप्ताह" आणि "हप्ता" ही एकाच घरातली माणसे, फक्त एक इराणला जाऊन आला.

हाच नियम एस्तेरच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत भेटतो. अहश्वेरोश राजाचे राज्य "होदू"पासून कूशपर्यंत होते असे तिथे सांगितले आहे. हा "होदू" म्हणजे हिंदुस्थान. संस्कृतातला "सिंधु", जुन्या फारसीत "हिंदुश", आणि हिब्रूत मधला "न" गळून "होदू". आज इस्राएलमध्ये भारतासाठी हाच शब्द आहे. पण स्तोत्रांमध्ये "होदू" येतो तो निराळा; तिथे त्याचा अर्थ "आभार माना". त्याचे मूळ अस्सल हिब्रू आहे आणि भारताशी त्याचा काही संबंध नाही. दुकानात मांसाच्या पाकिटावर "होदू" लिहिलेले असते ते टर्कीचे. तो पक्षी खरा अमेरिकेतला, पण युरोपातल्या लोकांनी त्याला हिंदुस्थानचा कोंबडा समजून नाव दिले. एकाच भाषेत, एकाच अक्षरांनी लिहिलेल्या शब्दांतही कोण कोणाचा नातेवाईक हे असे तपासावे लागते.

कापूस, कार्पास आणि सेदेरचे ताट

मराठी आणि हिब्रू यांना जोडणारे खरे शब्दही आहेत. पण ते "मी"सारखे डोळ्यासमोर नसतात.

एस्तेरच्या पुस्तकात पहिल्या अध्यायाच्या सहाव्या वचनात शूशनच्या राजवाड्यातल्या पडद्यांचे वर्णन आहे. तिथे "कार्पास" असा शब्द आहे, म्हणजे सुती कापड. हा संस्कृतातला "कार्पास", जो प्राकृतात "कप्पास" आणि मराठीत "कापूस" झाला. भारतातला कापूस व्यापाऱ्यांबरोबर इराणात गेला, तिथून त्याचे नाव हिब्रूत गेले. विदर्भातल्या शेतातला कापूस आणि पुरीमला वाचल्या जाणाऱ्या मगिल्लातला कार्पास हे एकच नाव आहे.

मग पेसाहच्या सेदेरला मिठाच्या पाण्यात बुडवतात ती "कार्पास" भाजी? ती वेगळी. तो पालेभाजीचा शब्द आहे. फारसीत सेलरीला "करफ्स" म्हणतात, त्या शब्दाशी त्याचे नाते. मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली, तेव्हापासून मराठी घरांतही सेदेरचा अर्थ मराठीतून समजून घेता येऊ लागला. त्या ताटातली भाजी आणि एस्तेरच्या राजवाड्यातला पडदा यांचे नाव सारखे असले तरी मूळ सारखे नाही.

अरबी आणि फारसीच्या वाटेनेही काही शब्द मराठीत आले, आणि ते हिब्रू शब्दांचे चुलतभाऊ निघतात. मराठीतला "हिशेब" अरबीतला "हिसाब", हिब्रूत "हेश्बोन". इथेही "स" आणि "श" यांचा तोच नियम आहे. "कबूल" अरबीतला, हिब्रूत "लेकाबेल" म्हणजे स्वीकारणे, आणि शब्बाथचे स्वागत म्हणजे "काबालाथ शब्बाथ". "मालक" अरबीतला, हिब्रूत "मेलेख" म्हणजे राजा. आजी दुकानातून येऊन हिशेब मांडते आणि नात शाळेत हेश्बोनचा अभ्यास करते, तेव्हा दोघी खरोखर एकाच मुळाचा शब्द वापरत असतात. पण तो मराठीत यहुद्यांनी आणलेला नाही. तो सुलतानांच्या आणि मराठेशाहीच्या दफ्तरांतून आला आणि सगळ्या महाराष्ट्राचा झाला.

कधी खरे नाते अगदीच लपलेले असते. चिनीत मध म्हणजे "मी", हे वर आले आहे. पूर्वी त्याचा उच्चार "मित"च्या जवळचा होता. मध्य आशियातल्या तोखारी भाषेतून तो चिनीत गेला असे अभ्यासक मानतात. आणि तोखारी ही संस्कृतची दूरची नातेवाईक. म्हणजे चिनी "मी"चे नाते मराठी "मी"शी नसून मराठी "मध"शी आहे!

याद्यांवर किती विश्वास ठेवावा

मराठी आणि हिब्रूतल्या सारख्या शब्दांच्या याद्या करायला सगळ्यांना आवडते. त्यात गंमत आहे आणि शब्द पाठ व्हायला मदतही होते. पण अशा यादीवरून बेने इस्राएल किती जुने, ते कुठून आले, हे ठरवायला जाऊ नये. तशी यादी तर हंगेरियन आणि मराठीचीही करता येईल.

समाजाची ओळख शब्दांच्या योगायोगावर उभी नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कोकणातल्या तेल्यांना शेजाऱ्यांनी "शनवार तेली" हे नाव दिले. गावांच्या नावांना "कर" लावून आडनावे झाली. शेमा, सुंता, सण आणि उपवास पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. १९६०च्या दशकात इस्राएलमध्ये बेने इस्राएलांच्या यहुदीपणाबद्दल प्रश्न उभे केले गेले आणि लोकांना निदर्शने करावी लागली. १९६४ साली बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर झाले. ते कुठल्याही दोन शब्दांच्या सारखेपणावर अवलंबून नव्हते. कमकुवत पुरावा पुढे केला की खऱ्या पुराव्यावरही लोक शंका घेतात, म्हणून ही काळजी घ्यायची.

"काका" म्हणायची लाज

एका सारख्या शब्दाने मात्र घरात दुखावलेपण येते. इस्राएलमध्ये लहान मुलांच्या हिब्रूत "काका" म्हणजे शी. बागेत किंवा बसमध्ये एखाद्या मुलाने मोठ्याने "काका!" अशी हाक मारली की बाकीची मुले खिदळतात. मग तो मुलगा हळूहळू "काका" म्हणणे सोडतो आणि हिब्रूतला "दोद" म्हणू लागतो. काकांना वाटते, पोराला आपली लाज वाटते.

यात चूक कोणाचीच नाही. "क" आणि "आ" हे लहान मुलांच्या तोंडी लवकर येणारे आवाज, म्हणून अनेक भाषांत असे शब्द मुलांच्या बोलीत आहेत. मराठीत त्यातून वडिलांच्या भावाचे नाव झाले, दुसरीकडे दुसरे काही झाले. जॉर्जियाहून आलेल्या कुटुंबात "मामा" म्हणजे वडील. त्यांच्या मुलांनाही कोणीतरी हसले असेलच.

पण "काका" सोडल्याने एक गोष्ट जाते, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हिब्रूत वडिलांचा भाऊ "दोद" आणि आईचा भाऊही "दोद". मराठीत एक काका आणि दुसरा मामा. आत्या आणि मावशी यांनाही हिब्रूत "दोदा" हा एकच शब्द. कोण आईकडचा आणि कोण वडिलांकडचा, हे मराठी मूल हाकेतच सांगते. ती हाक गेली की घरातली ती ओळखही पुसट होते. मित्रांना एकदा नीट सांगितले की मराठीत याचा अर्थ काय, तर हसणे बहुधा तिथेच थांबते. आणि काकांनीही लक्षात ठेवावे, की पोर लाजते ते काकांना नव्हे, एका आवाजाला.

इंटरकॉमवरच्या आजीला तर सोपी युक्ती आहे. "मी झे?" असे विचारले की "मी" म्हणू नये. "आजी" म्हणावे. तो शब्द नातवाला कळतो.

घरी करून पाहा

१. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा: हिब्रू शिकताना कोणता शब्द ऐकून त्यांना मराठी शब्द वाटला? त्याचा खरा अर्थ कधी कळला?

२. मराठीत आणि हिब्रूत ऐकायला सारखे वाटणारे पाच आखूड शब्द लिहा. प्रत्येकासमोर दोन्ही अर्थ लिहा. त्यांपैकी एखादा शब्द दोन अक्षरांहून मोठा आहे का?

३. सलाम, हिशेब, कबूल, मालक यांचे हिब्रू सोबती वर दिले आहेत. हिब्रूत "कातव" म्हणजे त्याने लिहिले. पुस्तकासाठी मराठीत ऐकू येणारा कोणता शब्द याच मुळापासून आलेला आहे, ते आजी-आजोबांना विचारून शोधा.

४. शेजाऱ्यांच्या भाषेत "मी" किंवा "बा" म्हणजे काय, ते विचारून या. वर्गात सगळ्यांच्या उत्तरांचा एक तक्ता करा.